एक आडनाव, दोन सॅक्सोफोन

कर्जतहून खोपोलीला जाणारी लोकल पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी अशी चार स्टेशने घेत जाते. खोपोलीतल्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरी असल्यामुळे हा प्रवास मी वर्षानुवर्षे केला. आधी वॉकमनवर, पुढे मोबाइलवर, आणि सतत कानात तारा घालून. माझे जॅझचे शिक्षण याच गाडीत झाले, इतर कुठे नाही. स्वरलिपी मला आजही अडखळतच वाचता येते. तेव्हा पुढे जे लिहीत आहे ते एका कान देऊन ऐकणाऱ्याने लिहिलेले आहे, वाजवणाऱ्याने नव्हे, हे वाचकांनी आधीच लक्षात घ्यावे.

या विषयाकडे मी वळलो त्याला कारण घरचे आहे. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, पावसाळ्यात भातशेती करत आणि लग्नसराईत खालापूर तालुक्यातल्या एका ब्रास बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवत. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, पायात मात्र साध्या चपला. ‘काश्मीर की कली’मधले ‘है दुनिया उसी की’ त्यांच्या खास आवडीचे. मूळ ध्वनिमुद्रणात तो सॅक्सोफोन मनोहारी सिंग यांनी वाजवलेला आहे हे मला फार उशिरा कळले, अण्णांना ते पहिल्यापासून ठाऊक होते. त्यांची एक लकब होती. ओळीचा शेवटचा सूर ते जागच्या जागी संपवत नसत. ओठ सैल करून तो किंचित खाली ओघळू देत, ओल्या फांदीवरून थेंब गळावा तसा. मी सोळा-सतरा वर्षांचा असताना वर्गमित्राच्या भावाच्या वरातीत अण्णांना त्या लाल कोटात पाहिले आणि गर्दीत मागे सरकलो. त्यांनी मला पाहिले होते. त्यानंतर त्यांनी मला वाद्याला हात लावायला कधी सांगितले नाही आणि मीही कधी मागितले नाही.

म्हणून बाप आणि मुलगा दोघेही एकच वाद्य वाजवणारे आहेत असे कुठे कळले की मी कान टवकारतो. वाद्याबरोबर मुलाकडे नेमके काय जाते? बोटे, फुंक, आवडीनिवडी, की नुसते आडनाव? जॅझच्या इतिहासात या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण मला सापडले ते ड्यूई रेडमन आणि जोशुआ रेडमन या पितापुत्रांचे.

वाद्याविषयी थोडेसे

बेल्जियममध्ये जन्मलेल्या अडॉल्फ साक्स याने या वाद्याचे पेटंट पॅरिसमध्ये १८४६ साली घेतले. अंग पितळेचे असले तरी सॅक्सोफोनची गणना लाकडी सुषिर वाद्यांत होते, कारण त्याचा सूर एका वेताच्या पट्टीच्या, म्हणजे रीडच्या, थरथरण्यातून निघतो. आपल्या सनईत दोन पत्त्या एकमेकींवर थरथरतात, इथे एकच पत्ती मुखाच्या कडेवर थरथरते. दोन्हींची नळी मात्र वरून खाली रुंदावत जाणारी. त्यामुळे सनईच्या घराण्यातला माणूस सॅक्सोफोनकडे वळला तर त्यात अगदी परकेपणा नसतो. मंगळूरकडचे कद्री गोपालनाथ हे याचे ठळक उदाहरण. वडील तनियप्पा नागस्वर वाजवणारे. मुलाने म्हैसूरच्या राजवाड्यातल्या बँडमध्ये सॅक्सोफोन ऐकला आणि तेच वाद्य कर्नाटक संगीतात आणून बसवले. तिथे वाद्य बदलले, संगीत राहिले. रेडमनांच्या घरी नेमके उलटे झाले: वाद्य तेच राहिले आणि संगीत बदलले.

ड्यूई

ड्यूई रेडमन यांचा जन्म टेक्सासमधल्या फोर्ट वर्थ या गावी १७ मे १९३१ रोजी झाला. तेराव्या वर्षी क्लॅरिनेट हातात आली. शाळेच्या बँडमध्ये त्यांच्यापेक्षा वर्षभराने मोठा एक मुलगा होता, ऑर्नेट कोलमन. पुढे याच मुलाने जॅझला ठरीव स्वरसंगतीच्या चौकटीतून बाहेर काढले. ड्यूई मात्र लगेच व्यावसायिक वादक झाले नाहीत. पदवी, लष्करातली नोकरी, शिक्षणशास्त्रातली पदव्युत्तर पदवी, टेक्सासमध्ये शाळामास्तरकी असा त्यांचा रस्ता. मग सॅन फ्रान्सिस्को, आणि १९६७ साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, न्यूयॉर्क. तिथे शाळूसोबती ऑर्नेटच्याच संचात ते दाखल झाले. सत्तरच्या दशकात पियानोवादक कीथ जॅरेटच्या चौकडीत ते वाजवत होते. त्या चौकडीत चार्ली हेडन हा बासवादक आणि पॉल मोशन हा ड्रमवादक होता. १९७६ साली डॉन चेरी, चार्ली हेडन आणि एड ब्लॅकवेल यांच्यासह त्यांनी ‘ओल्ड अँड न्यू ड्रीम्स’ हा संच उभा केला. चौघेही कधी ना कधी ऑर्नेटच्या हाताखाली वाजवलेले. ऑर्नेट तेव्हा विजेच्या गिटारींकडे वळला होता. त्याचे जुने संगीत या चौघांनी सांभाळले, वाढवले.

ड्यूईंचा सूर ऐकताना पहिली गोष्ट जाणवते ती त्याची रुंदी. टेक्सासच्या टेनर सॅक्सोफोनवादकांचा जो भरदार, ब्लूजमध्ये मुरलेला आवाज प्रसिद्ध आहे, तो त्यांच्याकडे पुरेपूर होता. पण त्या आवाजाला ते मुद्दाम खरवडत. वाजवता वाजवता वाद्याच्या आत गुणगुणत, बोलत, कधी ओरडत. यामागचे शास्त्र सोपे आहे. कंठातला सूर आणि रीडचा सूर एकाच नळीत भेटले की दोहोंच्या कंपनसंख्यांची बेरीज आणि वजाबाकी असलेले आणखी सूर तयार होतात; कानाला ते घोगरेपण, गुरगुर म्हणून ऐकू येतात. ही करामत करणारे वादक पुष्कळ आहेत. ड्यूई त्यातून वाक्ये बोलत. ऐकणाऱ्याला शब्द कळत नाहीत, पण कुणीतरी आपल्याशी बोलत आहे हे कळते.

दुसरी गोष्ट मला विशेष जवळची वाटते. ते अधूनमधून सॅक्सोफोन खाली ठेवून एक दुपत्ती वाद्य वाजवत, त्याला ते म्युझेट म्हणत. चिनी सुओनाच्या जातीचे, म्हणजे आपल्या सनईचेच लांबचे भावंड. जॅरेटच्या संचातले आणि ‘ओल्ड अँड न्यू ड्रीम्स’मधले त्यांचे हे वादन प्रथम ऐकले तेव्हा मी डोलवलीच्या आसपास होतो. भर गाडीत आपल्या जत्रेतल्या पालखीपुढची सनई कुठून आली म्हणून मी खिडकीबाहेर पाहिले होते.

जोशुआ

जोशुआ रेडमनचा जन्म कॅलिफोर्नियातल्या बर्कली येथे १ फेब्रुवारी १९६९ रोजी झाला. आई रेने शेड्रॉफ नर्तकी आणि ग्रंथपाल. मुलाला तिने एकटीने वाढवले; वडील देशाच्या दुसऱ्या टोकाला, न्यूयॉर्कला. आई बर्कलीच्या ‘सेंटर फॉर वर्ल्ड म्युझिक’ या संस्थेत दक्षिण भारतीय नृत्य शिकत होती, त्यामुळे पोराच्या कानावर आपल्याकडचे आणि इंडोनेशियाचे संगीत लहानपणीच पडले. दहाव्या वर्षी त्याने टेनर सॅक्सोफोन धरला. वडिलांचा सहवास त्याला अधूनमधून मिळे तो ते त्या भागात कार्यक्रमाला आले की. घरात मात्र त्यांच्या रेकॉर्डी होत्या. बापाचा सूर मुलाने मुख्यतः तबकडीवरून ऐकला.

शाळेत तो हुशार. हार्वर्ड विद्यापीठातून सामाजिक शास्त्रे घेऊन १९९१ साली सर्वोच्च श्रेणीत पदवीधर झाला आणि येल विद्यापीठात कायद्याच्या अभ्यासक्रमाला त्याला प्रवेशही मिळाला. एक वर्ष थांबून न्यूयॉर्क पाहू म्हणून तो ब्रुकलिनला गेला. त्याच वर्षी थेलोनियस मंक यांच्या नावाने होणाऱ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत तो सॅक्सोफोनमध्ये पहिला आला आणि कायदा राहिला तो राहिलाच. १९९३ साली वॉर्नर ब्रदर्ससारख्या बड्या कंपनीने त्याचे पहिले दोन अल्बम काढले. वडिलांच्या बहुतेक ध्वनिमुद्रिका लहान कंपन्यांनी काढलेल्या. मुलाचे नाव चोविसाव्या वर्षी त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त लोकांपर्यंत पोहोचले.

जोशुआचा सूर वडिलांच्या सुरासारखा नाही. तो स्वच्छ, गोलसर, मंद्रापासून तारापर्यंत एकसारखा वजनदार. ड्यूई जिथे तालाच्या खांबांना वळसा घालून जातात, तिथे जोशुआ त्या खांबांवरच इमारत चढवतो. एका साध्या कल्पनेपासून आरंभ, तिचीच पुनरावृत्ती, मग थोडा बदल, मग उंची, शेवटी वाद्याच्या नेहमीच्या मर्यादेपलीकडचे अतितार सूर आणि लोकांच्या टाळ्या. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर त्याची बढत विलक्षण नेटकी आहे. ड्यूईंची मांडणी चावडीवर बोलणाऱ्या जुन्या माणसासारखी. मध्येच थांबतील, मध्येच हसतील, विषय सोडतील आणि आपण विसरल्यावर तो पुन्हा उचलतील.

बरीच वर्षे माझे मत असे होते की मुलगा बापाच्या घोगरेपणापासून, अनिश्चितपणापासून दूर पळाला. हार्वर्डच्या पोराने टेक्सासची माती धुऊन टाकली. हे मत मी मित्रांमध्ये ठासून मांडत असे. आज मला त्यात माझीच गोष्ट मी त्याच्यावर लादली होती असे दिसते. गर्दीत मागे सरकणारा मुलगा मला जिथे तिथे दिसत होता.

समोरासमोर

मत बदलायला दोन ध्वनिमुद्रिका कारणीभूत झाल्या. पहिली वडिलांची. १९९२ साली ड्यूईंनी ‘चॉइसेस’ हा अल्बम ध्वनिमुद्रित केला, त्यात तेवीस वर्षांचा जोशुआ त्यांच्या शेजारी उभा आहे. इथे दोघांची तुलना एकाच खोलीत, एकाच तालावर करता येते. मुलगा वडिलांची नक्कल करत नाही हे तर लगेच कळते. पण अनेकदा ऐकल्यावर आणखी एक कळले. ड्यूई त्याला आपल्या वळणावर ओढतही नाहीत. गुरूने तान घ्यावी आणि शिष्याने ती परत करावी, हा आपल्या मैफलीतला सराव इथे नाही. इथे दोन प्रौढ माणसे एकमेकांना जागा देत वाजवतात. ज्याच्याबरोबर आपण राहिलो नाही त्या मुलाला शिकवण्याचा हक्क आपल्याला नाही असे बापाला वाटले असेल का? माझ्यापाशी याला पुरावा नाही, हा माझा अंदाज आहे.

दुसरी मुलाची, १९९३ सालची ‘विश’. तीत जोशुआबरोबर तिघे आहेत: गिटारवादक पॅट मेथिनी, बासवादक चार्ली हेडन आणि ड्रमवादक बिली हिगिन्स. हेडन म्हणजे ड्यूईंचा अनेक संचांतला साथी. हिगिन्स आणि हेडन दोघे ऑर्नेट कोलमनच्या १९५९ सालच्या चौकडीतले. मेथिनीच्या १९८० सालच्या ‘एटी/एटीवन’ या अल्बमात ड्यूई आणि हेडन दोघांनीही वाजवले होते. आणि ‘विश’ची सुरुवात होते ती ऑर्नेटच्या ‘टर्नअराउंड’ या बारा मात्राखंडांच्या ब्लूजने. मेथिनी आणि हेडन यांनी ती ‘एटी/एटीवन’मध्येही वाजवलेली होती. म्हणजे वडिलांच्या शाळासोबत्याची धून, वडिलांच्या सोबत्यांच्या साथीने, मुलगा वाजवतो आहे, आणि खोलीत फक्त वडील नाहीत.

ही ‘टर्नअराउंड’ नीट ऐकली की जोशुआच्या नेटकेपणाच्या आत काय आहे ते कळते. ब्लूजचा तो गंधार, जो ना धड शुद्ध ना धड कोमल, त्यावर तो घाई करत नाही. सूर दाबतो, वाकवतो, वाट पाहतो. आवाज त्याचा स्वतःचा, थांबणे मात्र टेक्सासचे. मी त्याच्या स्वराच्या पोतात बाप शोधत होतो. बाप होता तो दोन वाक्यांमधल्या मोकळ्या जागेत.

आपल्याकडचा एक दाखला

वाचकांना हे सारे फार दूरचे वाटू नये म्हणून किराणा घराण्याची आठवण करून देतो. अब्दुल करीम खाँ आणि ताराबाई माने १९२२च्या सुमारास वेगळे झाले. मुले आईबरोबर गेली आणि आईचे आडनाव लावू लागली. थोरल्या सुरेशबाबू मान्यांना आरंभीची तालीम वडिलांकडून मिळालेली होती, पुढची अब्दुल वहीद खाँ यांच्याकडून. घर तुटले, पण सूर तुटला नाही. सुरेशबाबूंचे नाव आज किराण्याच्या परंपरेत वडिलांच्या पाठोपाठ घेतले जाते. त्यांच्याकडून ते हिराबाई बडोदेकरांकडे आणि पुढे प्रभा अत्र्यांकडे गेले. आडनाव न देताही बापाचे गाणे मुलाकडे जाऊ शकते, आणि ते पोहोचवायला घराण्यातला दुसरा माणूस लागतो. रेडमनांच्या बाबतीत वहीद खाँचे काम चार्ली हेडनने केले, असे म्हणता येईल.

जॅझमधल्या इतर दोन जोड्या याला दुजोरा देतात. शिकागोचे व्हॉन फ्रीमन आणि त्यांचा मुलगा चिको: दोघेही टेनर वाजवणारे. व्हॉन यांनी शिकागो सोडले नाही. स्वतःच्या नावाची पहिली ध्वनिमुद्रिका त्यांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर, १९७२ साली केली. मुलाने आधी ट्रम्पेट धरली आणि सॅक्सोफोनकडे तो विद्यापीठात असताना आला. बाप जवळ होता, तरी मुलाला वळसा घ्यावाच लागला. दुसरी जोडी जॉन आणि रवी कोल्ट्रेन. पंडित रविशंकरांवरच्या आदराने मुलाचे नाव रवी ठेवले गेले. ६ ऑगस्ट १९६५ रोजी तो जन्मला आणि १७ जुलै १९६७ रोजी, त्याला दोन वर्षे पुरी व्हायच्या आत, जॉन कोल्ट्रेन वारले. बापाची आठवणसुद्धा नाही अशा या मुलाला नव्वदच्या दशकारंभी आपल्या संचात घेतले ते एल्विन जोन्स यांनी, म्हणजे वडिलांच्या ड्रमवादकाने. बाप जवळ असो, दूर असो की मुळीच नसो, वाट दाखवणारा मधला माणूस बहुधा साथीदार असतो.

उशिरा आलेले उत्तर

ड्यूई रेडमन २ सप्टेंबर २००६ रोजी ब्रुकलिनमध्ये वारले. ‘ओल्ड अँड न्यू ड्रीम्स’मधले ब्लॅकवेल १९९२ साली आणि चेरी १९९५ साली आधीच गेले होते, हेडन २०१४ साली गेले. चौघेही नाहीसे झाल्यावर जोशुआने ‘स्टिल ड्रीमिंग’ नावाचा संच बांधला, जवळपास तशीच चार वाद्ये घेऊन: टेनर सॅक्सोफोन, कॉर्नेट, बास, ड्रम. साथीला रॉन माइल्स, हेडन यांचाच शिष्य स्कॉट कॉली आणि ब्रायन ब्लेड. त्या नावाचा अल्बम २०१८ साली आला.

स्मरणार्थ काढलेल्या ध्वनिमुद्रिकांत बहुधा मूळ संचाच्या गाजलेल्या धुनी ओळीने वाजवलेल्या असतात. इथे तसे नाही. एक धून ऑर्नेटची, एक हेडनची. बाकीच्या जोशुआच्या आणि कॉलीच्या नव्या. वडिलांची एकही धून त्याने घेतली नाही. पहिल्यांदा ऐकताना मला हे खटकले. मग ध्यानात आले की या संचात पियानो नाही, स्वरसंगतीचा आधार नाही. ज्या खांबांवर जोशुआ आजवर इमारत चढवत आला, ते खांबच त्याने काढून टाकले आहेत. एकोणपन्नासाव्या वर्षी तो वडिलांच्या अंगणात उभा आहे, आणि तिथेही वाजवतो स्वतःच्याच आवाजात. कॉर्नेट आणि टेनर एकच ओळ घेऊन निघतात, पाऊल मात्र एकमेकांपासून जरा सुटे असते. ड्यूई आणि चेरी असेच चालत. धून न घेता चाल घेतली, हे मला वारशाचे सर्वांत प्रामाणिक रूप वाटते.

माझ्याकडे अण्णांचे काहीच आले नाही असे मी समजत आलो. ते गेल्यावर त्यांचा सॅक्सोफोन मी बँडमधल्याच एका तरुणाला देऊन टाकला. लहानपणापासून तो अण्णांच्या शेजारी उभा राहून वाजवत असे. आता खालापूर भागात हळदीला डीजे असतो, बँड फार तर वरातीपुरता. गेल्या वैशाखात जुन्या हमरस्त्याकडेला गाडीची वाट पाहत होतो तर एक वरात आली. सॅक्सोफोनवाला आता चाळिशीचा, कोट निळा. गाणे नव्या सिनेमातले, मला अनोळखी. ओळ संपली आणि त्याने शेवटचा सूर किंचित खाली ओघळू दिला.

या खेपेस मी मागे सरकलो नाही. वरात पुढे गेली तेव्हा तिच्या कडेकडेने थोडे अंतर चालत गेलो. त्याने मला ओळखले, वाजवता वाजवताच मान लववली आणि पुढची ओळ घेतली.